टर्बोचार्ज्ड मोटारींमधील ऑक्सिजन संवेदक

ऑक्सिजन संवेदक हे मोटारीच्या निष्कास नळीत बसवलेले एक विद्युत-रासायनिक उपकरण आहे. इंजिनात इंधन जळल्यानंतर बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन शिल्लक आहे, हे ते सतत मोजते. त्याला लॅम्डा संवेदक असेही म्हणतात. गॅरेजमध्ये तो 'ओटू सेन्सर' या नावाने ओळखला जातो. त्याच्याकडून येणाऱ्या संदेशानुसार इंजिनाचा नियंत्रण संगणक सिलिंडरांत सोडल्या जाणाऱ्या इंधनाचे प्रमाण कमीजास्त करतो.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात हा संवेदक कोठे बसवावा, हा प्रश्न साध्या इंजिनापेक्षा अधिक गुंतागुंतीचा असतो. टर्बोचार्जरची टर्बाइन निष्कास मार्गातच असते आणि तिच्या अलीकडील व पलीकडील वायूचे तापमान व दाब यांत मोठा फरक असतो. शिवाय संवेदक केवळ आपल्या टोकाला स्पर्श करणाऱ्या वायूचे मोजमाप करतो. तो वायू सिलिंडरातील ज्वलनाचे खरे चित्र दाखवतो की वाटेत त्यात बाहेरची हवा मिसळली आहे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे संवेदकाचा संदेश विचित्र दिसला, तरी दोष संवेदकातच असेल असे नाही.

कार्याचे मूलतत्त्व

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाच्या हिशेबाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि पूर्ण ज्वलनास आवश्यक असलेली हवा यांच्या गुणोत्तरास लॅम्डा म्हणतात. प्रमाण अचूक असेल तर लॅम्डाचे मूल्य १ असते. इंधन जास्त झाल्यास ते १ पेक्षा कमी होते; अशा मिश्रणाला समृद्ध किंवा 'रिच' म्हणतात. हवा जास्त झाल्यास मूल्य १ पेक्षा अधिक होते. अशा मिश्रणाला विरल किंवा 'लीन' म्हणतात.

संवेदकाचा मुख्य भाग झिर्कोनियम डायऑक्साइड या सिरॅमिक पदार्थाचा असून त्यात यिट्रियम ऑक्साइड मिसळलेले असते. सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सियसच्या वर तापल्यावर या पदार्थातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूस निष्कास वायू असतो. दोन्हींकडील ऑक्सिजनच्या प्रमाणात फरक असल्यामुळे विद्युत दाब निर्माण होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी मांडलेल्या समीकरणावरून हा दाब काढता येतो. संवेदक लवकर तापावा म्हणून त्यात विजेवर चालणारा हीटर बसवलेला असतो.

संवेदकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अरुंद पट्ट्याचा संवेदक समृद्ध मिश्रणात साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, तर विरल मिश्रणात ०.१ ते ०.२ व्होल्ट देतो. लॅम्डा १ च्या आसपास त्याचा विद्युत दाब एकदम उडी घेतो. मिश्रण समृद्ध आहे की विरल एवढेच तो सांगतो. किती, हे सांगू शकत नाही. रुंद पट्ट्याच्या संवेदकात मोजमापाच्या कक्षेतून ऑक्सिजन आत किंवा बाहेर पंप करणारा आणखी एक विद्युत-घट असतो. त्यासाठी लागणाऱ्या विद्युत प्रवाहावरून लॅम्डाचे प्रत्यक्ष मूल्य काढले जाते. टर्बोचार्जर पूर्ण दाब देत असताना अनेक इंजिनांत मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवले जाते. ते नेमके किती समृद्ध आहे हे समजणे अशा वेळी महत्त्वाचे असल्याने आधुनिक टर्बो इंजिनांत पहिला संवेदक बहुधा रुंद पट्ट्याचा असतो.

इतिहास

मोटारींसाठीचा झिर्कोनिया संवेदक जर्मनीतील रॉबर्ट बॉश या कंपनीने विकसित केला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी तयार केलेल्या व्होल्व्हो मोटारींत तो प्रथम वापरात आला. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही प्रदूषक एकाच वेळी कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या अगदी जवळच कार्यक्षम राहतो. त्यामुळे कन्व्हर्टर आणि संवेदक यांचा प्रसार एकमेकांच्या जोडीने झाला. १९८० च्या दशकात हीटर असलेले आणि १९९० च्या दशकात रुंद पट्ट्याचे संवेदक प्रचारात आले. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत दुसरी पिढी ओबीडी प्रणाली सक्तीची झाल्यानंतर कन्व्हर्टरच्या पुढेही संवेदक बसवणे रूढ झाले.

टर्बोचार्जरमुळे बदलणारी परिस्थिती

टर्बोचार्जरमध्ये निष्कास वायूच्या जोरावर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनाकडे पाठवतो. या रचनेचे संवेदकावर पुढील परिणाम होतात.

तापमान: पूर्ण भारावर पेट्रोल इंजिनाच्या टर्बाइनपूर्वीच्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते. टर्बाइनला ऊर्जा देताना वायू थंड होतो आणि पलीकडे त्याचे तापमान बरेच कमी असते. रुंद पट्ट्याच्या प्रचलित संवेदकांची सततच्या वापराची मर्यादा साधारण ९३० अंश आहे. अधिक तापमानात संवेदक लगेच निकामी होत नाही, पण त्याचे आयुष्य झपाट्याने घटते.

दाब: टर्बाइन वायूच्या वाटेत अडथळा असल्याने तिच्या अलीकडे दाब साचतो. रुंद पट्ट्याच्या संवेदकाचा पंप-प्रवाह या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की समृद्ध मिश्रण प्रत्यक्षापेक्षा अधिक समृद्ध आणि विरल मिश्रण अधिक विरल भासते. लॅम्डा नेमका १ असताना ही चूक जवळजवळ नाहीशी होते. म्हणजेच मंद गतीवर अचूक असलेले मोजमाप ऐन भाराच्या वेळी फसवे ठरू शकते.

उष्णतेचे शोषण: टर्बोचार्जरचे जाड ओतीव कवच थंड इंजिन सुरू झाल्यावर बरीच उष्णता स्वतःच शोषून घेते. त्यामुळे पलीकडील नळीतील पाण्याचे थेंब वाळण्यास वेळ लागतो. तापलेल्या सिरॅमिकवर असा थेंब पडल्यास त्याला तडा जातो. हे टाळण्यासाठी नळी कोरडी होईपर्यंत नियंत्रण संगणक हीटर मंद ठेवतो.

संवेदकाची जागा

टर्बाइनच्या आधी: येथे वायू ताजा असतो आणि संवेदक लवकर तापतो, मिश्रणातील बदलही त्वरित कळतो. परंतु उच्च तापमान आणि दाब यांचा थेट मारा होतो. संवेदकाच्या सिरॅमिकचा तुकडा निसटल्यास तो मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळू शकतो. सुबारूच्या इंप्रेझा डब्ल्यूआरएक्स या मोटारीच्या काही पिढ्यांमध्ये पहिला संवेदक टर्बाइनच्या आधी होता. अशा रचनेत दाबामुळे येणारी चूक नियंत्रण संगणकाच्या गणितात धरावी लागते.

टर्बाइननंतर, कन्व्हर्टरच्या आधी: बहुतेक टर्बो पेट्रोल मोटारींत पहिल्या संवेदकाची हीच जागा असते. येथे दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळ असतो आणि टर्बाइनमधून घुसळून निघाल्याने सर्व सिलिंडरांचा वायू एकजीव झालेला असतो. मात्र वेस्टगेट ही झडप उघडल्यावर काही वायू टर्बाइनला वळसा घालून थेट पुढे येतो. त्याचा झोत केवळ एका बाजूने वाहत असेल, तर संवेदकाला सरासरी वायू मिळत नाही. म्हणून दोन्ही प्रवाह नीट मिसळतील अशा ठिकाणी संवेदक ठेवतात. मोटारीत नंतर बसवल्या जाणाऱ्या स्वतंत्र लॅम्डा-मापकांचे उत्पादक सामान्यतः टर्बाइनच्या पुढे अर्धा मीटर किंवा त्याहून थोडे अधिक अंतर सुचवतात.

कन्व्हर्टरनंतर: येथील दुसरा संवेदक प्रामुख्याने कन्व्हर्टरच्या कामावर देखरेख ठेवतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून घेत असल्याने त्याच्या पुढील वायूत चढउतार फारसे उरत नाहीत. दुसऱ्या संवेदकाचा विद्युत दाब साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास संथ राहणे हे कन्व्हर्टर सुस्थितीत असल्याचे लक्षण मानतात. या जागेवरून टर्बोच्या दाबाखालील मिश्रण ठरवणे योग्य नाही. नळीच्या अगदी शेवटी संवेदक बसवल्यास मंद गतीवर बाहेरची हवा उलट आत शिरून मोजमाप बिघडते.

बसवण्याचा कोन: संवेदक नळीच्या वरच्या अर्ध्या भागात आणि आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कललेला असावा, म्हणजे पाणी त्याच्या टोकात साचत नाही. घड्याळाच्या तबकडीची कल्पना केल्यास १० ते २ वाजण्याच्या दरम्यानची जागा योग्य समजली जाते. जवळपास उघडी गळती, आंधळी फांदी किंवा अतितीव्र वळण नसावे.

संवेदकाची दिशाभूल करणाऱ्या बाबी

संवेदक ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास पुढील तीन परिस्थितींत चुकीचा निष्कर्ष निघतो.

निष्कास मार्गातील गळती: निष्कास वायू सलग न वाहता ठोक्याठोक्याने वाहतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी नळीतील दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि गॅस्केटच्या फटीतून किंवा तड्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदक 'मिश्रण विरल आहे' असे कळवतो आणि संगणक विनाकारण इंधन वाढवतो. हा परिणाम मंद गतीवर सर्वाधिक असतो व भार वाढल्यावर कमी होतो. टर्बोचे बीड सतत तापत-निवत असल्याने मॅनिफोल्ड आणि टर्बाइनच्या जोडावर अशा फटी पडण्याचा संभव अधिक असतो.

ज्वलन चुकणे: एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही, तर तेथील पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर येतात. संवेदक त्या ऑक्सिजनची नोंद घेऊन 'विरल' असा संदेश देतो. प्रत्यक्षात कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळण्याचा धोका असतो.

हवा आरपार जाणे: थेट सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या काही टर्बो इंजिनांत कमी गती आणि जास्त भार असताना दोन्ही बाजूंच्या झडपा क्षणभर एकाच वेळी उघड्या ठेवतात. तेव्हा थोडी ताजी हवा न जळताच निष्कास मार्गात जाते. संवेदकाला विरल भासणारे मिश्रण सिलिंडरात मात्र समृद्ध असू शकते. उत्पादक ही बाब संगणकाच्या आकडेमोडीत आधीच धरतो.

हवेच्या मार्गातील गळती आणि तिची लक्षणे

टर्बो इंजिनात हवेच्या मार्गाचा काही भाग शोषणाखाली, तर काही भाग दाबाखाली असतो. म्हणून एकच प्रकारची फट जागेप्रमाणे परस्परविरुद्ध लक्षणे दाखवते. हवेचे वजन मोजणारा संवेदक असलेल्या इंजिनात ती अशी असतात:

- हवा-मापक आणि कॉम्प्रेसर यांच्या दरम्यान फट असल्यास न मोजलेली हवा आत येते. मिश्रण सर्व स्थितींत विरल होते.
- कॉम्प्रेसर आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान, म्हणजे इंटरकूलर किंवा त्याच्या रबरी नळ्यांत फट असल्यास टर्बोचा दाब चढताच मोजलेली हवा बाहेर निसटते. मिश्रण समृद्ध होते, काळा धूर येतो, फुसफुस ऐकू येते आणि जोर कमी पडतो.
- थ्रॉटलनंतर फट असल्यास मंद गतीवर हवा आत ओढली जाऊन मिश्रण विरल, तर दाबाखाली हवा बाहेर जाऊन ते समृद्ध होते.

हवेचे वजन न मोजता अंतर्ग्रहण मॅनिफोल्डमधील दाबावरून इंधन ठरवणाऱ्या इंजिनांत दुसऱ्या प्रकारच्या फटीमुळे मुख्यतः जोर घटतो. मिश्रण फारसे बिघडत नाही.

दोषशोधनाचा क्रम

'चेक इंजिन' दिवा लागल्यावर स्कॅनरवर दिसणारा संकेतांक हा तपासाचा आरंभ असतो. नेहमी आढळणारे काही संकेतांक पुढीलप्रमाणे आहेत. त्यांतील संवेदकाविषयीचे संकेतांक पहिल्या सिलिंडरच्या बाजूच्या पहिल्या संवेदकाला उद्देशून आहेत:

- पी०१३१ व पी०१३२: संदेशाचा विद्युत दाब अनुक्रमे कमी व जास्त
- पी०१३३: प्रतिसाद मंद
- पी०१३४: संदेशच नाही
- पी०१३५: हीटरच्या मंडलात दोष
- पी०१७१ व पी०१७२: त्या बाजूचे मिश्रण अनुक्रमे विरल व समृद्ध
- पी०४२०: त्या बाजूच्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपुरी

यांपैकी पी०१३५ प्रत्यक्ष संवेदकाच्या हीटरकडे, फ्यूजकडे किंवा तारांकडे बोट दाखवतो. पी०१७१ मात्र बहुधा संवेदकाने दिलेली खरी बातमी असते. अशा वेळी संवेदक बदलणे म्हणजे ताप आला म्हणून तापमापक बदलण्यासारखे होय.

तपास साधारणपणे पुढील क्रमाने करतात.

१. इंधन-दुरुस्तीचे आकडे पाहणे. संगणक मूळ प्रमाणात किती टक्के इंधन वाढवत वा घटवत आहे, हे स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' या नावाने दिसते. धन आकडा म्हणजे इंधन वाढवले, ऋण आकडा म्हणजे घटवले. हा आकडा साधारण १० टक्क्यांच्या आत असणे समाधानकारक मानतात. तो मंद गतीवर, सुमारे २५०० फेऱ्यांवर आणि भाराखाली असा तिन्ही वेळा पाहावा. केवळ मंद गतीवर मोठा धन आकडा दिसल्यास थ्रॉटलनंतरची फट किंवा निष्कास गळती संभवते. केवळ भाराखाली इंधन कमी पडत असल्यास पंप, फिल्टर आणि इंजेक्टर तपासावे लागतात. ही शेवटची स्थिती सर्वांत धोकादायक आहे; टर्बोच्या दाबाखाली विरल मिश्रणामुळे नॉकिंग होऊन पिस्टन वितळू किंवा फुटू शकतो. दोष दूर होईपर्यंत अशी मोटार भाराखाली चालवू नये.

२. गळती शोधणे. निष्कास जोडांवर काजळीचे काळे ओघळ दिसतात. थंड इंजिन सुरू करताच येणारा टकटक आवाज गरम झाल्यावर थांबत असेल, तर तडा असण्याची शक्यता असते. हवेच्या नळ्यांची तपासणी धूर-यंत्राने उत्तम होते.

३. हीटर आणि तारा तपासणे. फ्यूज, जोडणी आणि उष्णतेने वितळलेले आवरण पाहून हीटरचा विद्युत रोध मल्टिमीटरने मोजतात. थंड स्थितीत तो सामान्यतः काही ओहम असतो. मंडल खंडित असल्यास हीटर जळालेला असतो.

४. प्रतिसाद पाहणे. अरुंद पट्ट्याच्या तापलेल्या संवेदकाचा विद्युत दाब मिश्रण मुद्दाम समृद्ध केल्यास ०.८ व्होल्टच्या वर आणि विरल केल्यास ०.२ व्होल्टच्या खाली लगेच गेला पाहिजे. रुंद पट्ट्याच्या संवेदकाला पाच किंवा सहा तारा असतात आणि त्याचे मूल्य स्कॅनरवरच पाहावे लागते.

५. या सर्वांतून दोष निश्चित झाल्यावरच संवेदक बदलणे.

तपासणी बंदिस्त जागेत करू नये, कारण निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. टर्बोचे कवच इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ भाजण्याइतके तप्त राहते.

संवेदक खराब होण्याची कारणे

काढलेल्या संवेदकाच्या टोकावरील थर पुष्कळ माहिती देतो. कोरडी काळी काजळी दीर्घकाळच्या समृद्ध मिश्रणाची खूण असते. टर्बोचार्जरच्या दांड्याजवळील तेल निष्कास मार्गात गळत असल्यास तेलातील फॉस्फरस आणि राखेचा थर टोकावर बसतो. पांढरा थर बहुधा सिलिकॉनयुक्त सीलंटमुळे येतो. सिलिंडरात गळणाऱ्या शीतक द्रवानेही संवेदक निकामी होतो. अशा वेळी मूळ गळती न थांबवता बसवलेला नवा संवेदकही त्याच मार्गाने जातो. शिसेयुक्त पेट्रोल हे पूर्वी मोठे कारण होते. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले.

नवा संवेदक बसवताना टोकाला हात किंवा ग्रीस लावत नाहीत; आट्यांना लावायचे मलम संवेदकास सुरक्षित असेल असेच वापरतात. अनेक संवेदकांना तुलनेची हवा तारांच्या आतील पोकळीतून मिळते. म्हणून जोडणीत सफाईचा फवारा मारणे किंवा तारा डाखाने जोडणे टाळतात.

भारतातील संदर्भ

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली. त्याच काळात लहान टर्बो पेट्रोल इंजिनांच्या मोटारी सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचल्या. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील चाकण आणि रांजणगाव येथे अशा मोटारींचे उत्पादन होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या उत्सर्जनाची प्रमाणन चाचणी करते.

भारत स्टेज ४ आणि त्यापुढील पेट्रोल मोटारींच्या पीयूसी चाचणीत वाढीव मंद गतीवर लॅम्डा मोजण्याची तरतूद असून तो १ पासून ०.०३ च्या आत असावा लागतो. हे मोजमाप नळीच्या शेवटच्या टोकाला होत असल्याने मार्गातील कोणतीही गळती तेथेही विरल मिश्रणासारखी दिसते.

२०२३ पासून भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल उपलब्ध झाले. इथेनॉलला पूर्ण ज्वलनासाठी कमी हवा लागते. त्यामुळे अशा मिश्रणासाठी हवा-इंधन प्रमाण सुमारे १३.५ इतके होते, परंतु लॅम्डा १ हे लक्ष्य बदलत नाही. संवेदक सुस्थितीत असल्यास इंधन-दुरुस्तीचा आकडा काही टक्क्यांनी धन बाजूस सरकतो. असा किरकोळ बदल इंधनातील फरकामुळे होतो. तो संवेदकाचा दोष समजला जात नाही.